म्यूझस्कोर, 24 पोरं आणि एक बेल लायरा: नऊ महिन्यांनंतर

जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यात कॉम्प्युटर लॅबमधल्या 12 मशीनवर म्यूझस्कोर, म्हणजे संगीताचं नोटेशन लिहायचा आणि वाजवून ऐकायचा प्रोग्राम, टाकून घेतलं होतं. आता मार्च संपत आला. परळच्या एका मराठी शाळेत मी सहावी ते आठवीचा बँड बसवते. फ्लूट 6, क्लॅरिनेट 5, ट्रम्पेट 4, ऑल्टो सॅक्सोफोन 2, एक युफोनियम, एक बेल लायरा (धातूच्या पट्ट्यांवर ठोकून वाजवायचं वाद्य), तीन साइड ड्रम, एक बास ड्रम आणि झांजा. वाद्यं माजी विद्यार्थ्यांनी दिलेली, बहुतेक मेरठची बनावट. क्लॅरिनेटचे पॅड पावसाळ्यात फुगतात, ते वेगळं दुखणं.

आधी माझी पद्धत अशी होती: रात्री जेवणं झाली की वहीत रेघा मारायच्या, प्रत्येक वाद्याची ओळ हाताने लिहायची, सकाळी शाळेसमोरच्या दुकानात झेरॉक्स काढायची. एक मार्च बसवायला चार रात्री जायच्या आणि त्यात एक तरी स्वर चुकायचाच. आता एक रात्र पुरते. केवळ एवढ्यासाठी जरी कुणी विचारलं तरी मी म्यूझस्कोर घ्या म्हणेन. फुकट आहे आणि मुक्तस्रोत आहे, म्हणजे मुख्याध्यापकांपुढे बिलाचा कागद न्यावा लागत नाही.

पण वेळ वाचणं हे माझं सोयीचं झालं. मुलांच्या बाबतीत खरा फरक पडला तो एका बटणाने, कॉन्सर्ट पिचच्या: ते दाबलं की प्रत्येक वाद्याची ओळ प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या स्वरांत दिसते, पुन्हा दाबलं की त्या वाद्यासाठी लिहितात तशी.

बँडमध्ये नवीन आलेल्या मुलांचा दरवर्षी एकच घोळ होतो. फ्लूटवाली कागदावरचा सी वाजवते, ट्रम्पेटवालाही कागदावरचा सी वाजवतो आणि दोघं मिळून भांडण झाल्यासारखं ऐकू येतं. मग दोघं एकमेकांकडे बघतात, चूक कुणाची? चूक कुणाचीच नसते. बऱ्याच मुलांच्या घरी किंवा भजनी मंडळात पेटी असते, म्हणून मी पेटीवरूनच सांगते. फ्लूट आणि बेल लायरा यांचा सी पांढरी एकवर, ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट यांचा काळी पाचवर, ऑल्टो सॅक्सोफोनचा काळी दोनवर. प्रत्येकाचा सा वेगळ्या पट्टीत. हे सांगून मुलं मान हलवतात. कळलेलं नसतं, पण मान हलवतात.

यंदा प्रोजेक्टरवर पान लावलं आणि कॉन्सर्ट पिचचं बटण दाबलं. सॅक्सोफोनची ओळ डोळ्यांसमोर सरकली, सुरुवातीला तीन शार्प (स्वर अर्ध्या पायरीने चढवायच्या खुणा) येऊन बसले. पुन्हा दाबलं, मूळ जागी. सातवीतल्या मुलीने मला सात-आठ वेळा दाबायला लावलं. मग म्हणाली, ‘बाई, म्हणजे आवाज तोच, फक्त आमचं नाव बदलतंय.’ बारा वर्षांत मला हे इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

दुसरी युक्ती स्वरांच्या अक्षरांची. शब्द लिहायची जी सोय आहे तिच्यात मराठी टंकन नीट चालतं, त्यामुळे पहिले दोन महिने प्रत्येक स्वराखाली सा, रे, ग लिहिलेले कागद दिले, ज्याच्या त्याच्या वाद्याच्या सा प्रमाणे. ऑगस्टनंतर सगळी अक्षरं एकदम निवडून व्ही कळ दाबली. छापील पानावरून अक्षरं गायब, फाइलमध्ये मात्र शाबूत. दोघा-तिघांनी पेन्सिलीने परत लिहून काढली, त्यांचीही तक्रार नाही.

घरच्या सरावासाठी प्रोग्रामच्या मिक्सरमध्ये, म्हणजे वाद्यांचे आवाज कमी-जास्त करायच्या खिडकीत, एकेक वाद्य बंद करून एमपीथ्री काढते. क्लॅरिनेटवाल्याला क्लॅरिनेट सोडून बाकी सगळा बँड, ट्रम्पेटवाल्याला ट्रम्पेट सोडून बाकीचा. कॅराओकेवाले वापरतात तसला ट्रॅक. वरचा वेगाचा आकडा बदलून तीन प्रती: मिनिटाला 60, 80 आणि 100 ठोके. (मार्चचा खरा वेग 120, पण तो मी घरी देत नाही. दिला की मुलं फक्त तोच वाजवतात.) या फाइली पालकांच्या व्हॉट्सॲपवर जातात आणि इथे मुंबईची गोष्ट येते. फोन वडिलांचा, वडील रात्री नऊला घरी, दहा बाय बाराची खोली, शेजारी आजी झोपलेल्या. ट्रम्पेट कधी वाजवायचा? निम्म्या मुलांनी ट्रॅक लावून नुसती बोटं चालवली. वाईट नाही ते, उलट बोटं चांगली बसली. ओठ मात्र बसले नाहीत, आणि ओठांना पर्याय नसतो.

आता कटकटी.

पहिली आणि सगळ्यात मोठी: कॉम्प्युटरला श्वास लागत नाही. प्ले दाबलं की फ्लूटची ओळ सोळा मोजण्या एका दमात निघून जाते. मुलं ते ऐकतात, तसंच वाजवायला जातात, अकराव्या मोजणीला तोंड लाल. श्वासाचा स्वल्पविराम कागदावर टाकता येतो, पण नुसता टाकला तर वाजवताना काही फरक पडत नाही, मशीन त्यावरून सरळ पुढे जातं. इन्स्पेक्टर नावाच्या खिडकीत त्या खुणेला थांबायचे सेकंद दिले तर थांबतं, पण मग सगळा बँड थांबतो, ढोलसुद्धा. अनेक प्रयोगांनंतर मी साधा उपाय धरला: श्वासाच्या जागी आधीचा स्वर अर्धा करायचा आणि उरलेल्या जागी विश्राम लिहायचा. कागदावर ते जरा विद्रूप दिसतं. कानाला मात्र खरं लागतं.

दुसरी कटकट रंगांची. वाद्याच्या आवाक्याबाहेर स्वर लिहिला की तो पिवळसर होतो, फारच बाहेर गेला की लाल. ‘बाई, लाल झालं!’ हे माझ्या लॅबमधलं यंदाचं सगळ्यात लोकप्रिय वाक्य. सोय उत्तम आहे, पण तिच्यामुळे मुलांना वाटतं की काळं ते सगळं सोपं. क्लॅरिनेटच्या मधल्या भागात, जिथे जवळजवळ सगळी भोकं उघडी ठेवून वाजवायच्या स्वरावरून एकदम सगळी बंद करायच्या स्वरावर उडी असते, तिथे सहावीतल्या मुलाची किंकाळी ठरलेली. पानावर ती उडी शेजारच्या पायरीसारखी दिसते. मशीन ती लोण्यासारखी वाजवतं. हे मुलाला क्लॅरिनेट हातात घेऊनच कळतं. म्हणून आता नियम केलाय: ज्याने ओळ लिहिली, त्याने ती दुसऱ्याकडून वाजवून घ्यायची. आणि तो जे काही तोंड करेल ते बघायचं.

जुन्या मशीनचं थोडक्यात. आमच्या लॅबचे कॉम्प्युटर वयस्कर आहेत. डिसेंबर 2022 मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीला 64 बिटचं विंडोज लागतं, शिवाय तिचे नवे आवाज अनेक जीबींचे. म्हणून मुलांच्या मशीनवर 3.6.2 आणि माझ्या लॅपटॉपवर चौथी. नव्या आवाजांची फ्लूट खरंच सुरेख आहे. पण चौथीतली फाइल तिसरीत धड उघडत नाही, म्युझिकएक्सएमएल (वेगवेगळ्या नोटेशन प्रोग्रामना वाचता येणारा फाइल प्रकार) करून द्यावी लागते आणि त्यात पानाची मांडणी विस्कटते. तुम्ही एकट्याने वापरणार असाल तर सरळ नवी घ्या. लॅब असेल तर सगळीकडे एकच ठेवा, माझ्यासारखी दोन्ही दगडांवर पाय ठेवायची हौस करू नका. आणि पालकांना आधीच सांगून ठेवा की प्रोग्राम फुकट असला तरी त्याच नावाच्या संकेतस्थळावरच्या बऱ्याच स्कोअर उतरवून घ्यायला पैशाचं सभासदत्व लागतं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्युझिकएक्सएमएलची सवय मात्र सगळ्यांनीच लावून घ्या. फिनाले हे 35 वर्षं चाललेलं नोटेशनचं सॉफ्टवेअर बंद होत असल्याचं ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर झालं. ज्यांचं अर्धं आयुष्य त्या फाइलींमध्ये होतं त्यांची धावपळ मी जवळून पाहिली आहे. माझ्या गुरूंच्या काही मार्च मी तेव्हाच रूपांतरित करून ठेवल्या.

मधे महिनाभर एक परदेशी ॲपही वापरून पाहिलं, नाव घेत नाही. मूल वाजवतं, ॲप मायक्रोफोनमधून ऐकतं, बरोबर स्वर हिरवे, चुकलेले लाल, शेवटी गुण. पैसे दरवर्षी दर मुलामागे, डॉलरमध्ये. आमच्या वर्गात चार पंखे आणि खिडकीखाली बसचा थांबा. बेस्टची बस ब्रेक दाबते तेव्हा तो कोणता स्वर असतो ते त्या ॲपला माझ्यापेक्षा चांगलं कळत असावं. पण खरं कारण ते नव्हे. एक मुलगी हिरवं मिळवण्यासाठी इतकं जपून, दबून वाजवायला लागली की तिचा क्लॅरिनेट शेजारच्या बाकावरही ऐकू येईना. महिन्याने बंद केलं.

सुरांचंही एक सांगते. मशीनचा ए हा स्वर 440 हर्ट्झवर ठाम असतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात आमच्या फुंकवाद्यांची पट्टी वर सरकते, बेल लायऱ्याच्या लोखंडी पट्ट्या मात्र वर जात नाहीत. मग मशीनशी सूर जुळवलेला बँडही वर सरकून बेल लायऱ्याशी भांडतो. तेव्हा लॅपटॉप बंद करायचा आणि बेल लायऱ्याकडून सूर घ्यायचा. तो हलणार नाही, तुम्हीच हला.

राष्ट्रगीताचा उपयोग बघा. पूर्ण राष्ट्रगीत सुमारे 52 सेकंदांत व्हायला हवं. आमचं 15 ऑगस्टला 63 सेकंद चाललं, पीटीच्या सरांनी घड्याळ दाखवून सांगितलं. म्यूझस्कोरमध्ये वेग बदलून बरोबर 52 ला बसवलं, मुलांना त्या वेगात ऐकवलं, टाळीवर म्हणवून घेतलं. 26 जानेवारीला 54. हे कदाचित मशीन नसतं तरी झालं असतं, पण ‘जरा लवकर’ असं ओरडण्यापेक्षा आकडा दाखवणं कमी त्रासाचं.

सगळ्यात जास्त ज्याच्यासाठी हा खटाटोप सार्थकी लागला तो आठवीतला साइड ड्रमवाला. गणपतीत तो ताशा वाजवतो, हात असे की मी नुसती बघत राहते. नोटेशन वाचायला मात्र दोन वर्षं नकार. ‘बाई, तुम्ही वाजवून दाखवा, मी वाजवतो.’ सप्टेंबरात विसर्जनानंतर त्याला म्हटलं, तुझा एक तोडा कॉम्प्युटरला शिकव. बसला. लिहिलं, प्ले दाबलं, तोंड वाकडं केलं. पुन्हा लिहिलं. आठवडाभर ऑफ तासाला लॅबमध्ये. त्याला माहीत होतं कसं ऐकू यायला हवं, त्यामुळे कुठे चुकलं हे मला सांगावंच लागलं नाही. स्वर दीडपट लांबवणाऱ्या ठिपक्याचा अर्थ त्याला मी नाही, प्लेबॅकने शिकवला. वाचता यायला लागलं ते लिहून लिहून.

आता तो स्नेहसंमेलनातल्या मार्चवर पुढचं काहीतरी रचतोय. परवा फाइल पाहिली. फ्लूटच्या ओळीवर जागोजागी श्वासाचे स्वल्पविराम, मी शिकवल्याप्रमाणे. खाली बास ड्रमच्या ओळीवरही दोन. म्हटलं, अरे, त्याला कुठे फुंकायचंय?

‘बाई, तो सहावीतला आहे. हात दुखतात त्याचे.’

ठेवलेत.