ओएलईडी घ्यावा की मिनी-एलईडी?

दुकानात टीव्ही बघायला गेलात की विक्रेता रंगीबेरंगी फुलं आणि पोपट दाखवतो. तुम्ही त्याला रात्रीचं दृश्य लावायला सांगा. ओएलईडी आणि मिनी-एलईडी टीव्हींतला फरक काळ्या रंगात कळतो.

मिनी-एलईडी हा शेवटी एलसीडीच. त्यातला पिक्सेल, म्हणजे चित्राचा एकेक ठिपका, स्वतः उजळत नाही, मागून आलेला प्रकाश किती पुढे सोडायचा एवढंच ठरवतो. दोन पोलरायझर (प्रकाश गाळणारे थर) आणि मधे लिक्विड क्रिस्टल (विजेने वळणारं द्रव्य), अशी ती झडप; पण ती घट्ट मिटत नाही, म्हणून काळा राखाडी दिसतो. त्यावर तोडगा म्हणजे मागचे बारीक एलईडी गटागटाने मंद करायचे. या गटांना झोन म्हणतात. आता हिशोब करा: 4के पडद्यावर सुमारे 83 लाख पिक्सेल असतात. झोन हजार धरले तरी एकेका झोनच्या वाट्याला आठ हजारांवर पिक्सेल येतात. काळ्यावरच्या पांढऱ्या सबटायटलभोवती धुरकट वलय दिसतं ते यामुळेच. स्वस्त मॉडेलात झोन मोजके, तिथे ते फार खटकतं. बॉक्सवर नुसतं ‘मिनी-एलईडी’ लिहिलं असेल, तर झोन किती ते विचाराच.

ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाश देतो. बंद म्हणजे बंद. वलय नाही, आणि बाजूच्या दिवाणावरून बघणाऱ्यालाही रंग फिके दिसत नाहीत. पण पिक्सेलमधली प्रकाश देणारी सेंद्रिय द्रव्यं वापराने झिजतात, निळं सगळ्यात आधी. दिवसभर एकच बातम्यांचं चॅनेल चालू असेल, तर लोगो आणि खालची पट्टी पडद्यावर कायमची उमटायची भीती असते. शिवाय सगळा पडदा पांढरा झाला की टीव्ही स्वतःच उजेड कमी करतो.

हॉलला मोठी खिडकी असेल, दुपारी क्रिकेट आणि बातम्या चालत असतील, तर माझं मत सरळ मिनी-एलईडीला. रात्री दिवे घालवून सिनेमे बघणाऱ्याने थोडे जास्त पैसे घालून ओएलईडीच घ्यावा. ‘क्यूएलईडी’ला मात्र ओएलईडीचा भाऊ समजू नका, तोही एलसीडीच.

आणि ओएलईडी घेतलात, तर रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय सोडा. पिक्सेलची झीज सावरणारी प्रक्रिया टीव्ही स्टँडबायवर असतानाच चालते.