पद्मिनीला साधा प्लग की इरिडियम?

पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या स्पार्क प्लगसाठी "पद्मिनीचे प्लग द्या" म्हटलं की हल्ली समोर दोन डबे येतात. एकात साधा प्लग, दुसऱ्यात इरिडियम धातूच्या टोकाचा. इरिडियमच्या एका नगाच्या किमतीत साध्याचा चारांचा सेट येतो, आणि दुकानदार हमखास म्हणतो, "साहेब, एकदाच टाका, परत बघायला नको."

ते "बघायला नको" मला पटत नाही. ज्या गाडीला कार्बोरेटर आहे आणि डेल्कोत, म्हणजे प्लगांना वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये, करंट तोडणारे पॉइंट आहेत, तिचा प्लग अधूनमधून काढून बघायलाच हवा. इंजिनाच्या आत काय चाललंय ते सांगणारी तेवढी एकच खिडकी आपल्या हातात असते. त्यामुळे माझा कौल साध्या प्लगला आहे. पण इरिडियम म्हणजे नुसतं फॅड, असंही नाही. काही गाड्यांना तो खरंच चालतो, त्याबद्दल पुढे येईलच.

आधी एक गैरसमज. साध्या प्लगला बाजारात "कॉपर प्लग" म्हणतात आणि लोकांना वाटतं ठिणगी तांब्यावर पडते. तांबं असतं ते आत, गाभ्यात, उष्णता पटकन वाहून न्यायला. ठिणगी पडते ते टोक निकेलच्या मिश्रधातूचं. इरिडियम प्लगच्या पोटातही तांब्याचाच गाभा असतो. फरक फक्त टोकाचा: साध्याचं टोक साधारण अडीच मिलिमीटर जाड, इरिडियमचं ०.६ किंवा ०.४ मिलिमीटर, म्हणजे जाड सुईएवढं. निकेल १४५५ अंश सेल्सिअसला वितळतं आणि इरिडियम २४४६ अंशांना, म्हणून ते इतकं बारीक करता येतं.

बारीक टोकावरून ठिणगी उडायला कमी व्होल्टेज पुरतं. ही इरिडियमची खरी जमेची बाजू, आणि जुन्या गाडीला ती लागू पडते, कारण पॉइंट-कॉइलच्या इग्निशनची ताकद मुळात बेताची. पावसाळ्यात सकाळी, बॅटरी अर्धवट उतरलेली असताना, इरिडियमवाली गाडी एखाद्या सेल्फमध्ये लवकर उठेल, हे मी मान्य करतो. पण कॉइल, कंडेन्सर, पॉइंट आणि हायटेन्शनच्या वायरी ठीक असतील तर साध्या प्लगवरही पद्मिनी उठते. वर्षानुवर्षं मुंबईच्या टॅक्सी त्याच्यावरच पहाटे उठत होत्या. सुरू व्हायला त्रास देणाऱ्या गाडीत इरिडियम टाकणं म्हणजे दुखणं झाकणं. तेच पैसे चांगल्या कंडेन्सरवर घाला.

दुसरी जमेची बाजू आयुष्याची. साधा प्लग १५-२० हजार किलोमीटर जातो, इरिडियम त्याहून बराच जास्त. आता स्वतःला विचारा, तुमची पद्मिनी वर्षाला किती पळते? माझी दीड हजार किलोमीटरच्या वर जात नाही. रविवारी सिंहगडाचा पायथा, वर्षातून एकदा कोकण. या हिशोबाने साधा सेटच मला दहा वर्षं पुरेल. जे आयुष्य आपण वापरणारच नाही, त्याचे पैसे का मोजायचे?

आणि मग साफसफाई. साध्या प्लगला काजळी धरली की काढा, पेट्रोलमध्ये बुडवून पितळी ब्रशने हलकं घासा, वाळवा, पुन्हा बसवा. टोकाच्या कडा झिजून गोल झाल्या असतील तर पॉइंट फाइलने एक-दोन हात मारून परत धारदार करा, कारण ठिणगीला टोकदार कड आवडते. इरिडियमच्या सुईला ब्रश लावायचाच नाही, ती तुटते किंवा वाकते. थंडीत चोक ओढून-ओढून पेट्रोल ओव्हर झालं आणि प्लग भिजले, की साध्यावाला पाच मिनिटांत मोकळा होतो आणि इरिडियमवाला हातात महागडा ओला प्लग घेऊन उभा राहतो. पेट्रोल पंपाशेजारच्या जुन्या गॅरेजांत वाळू मारून प्लग साफ करायचं मशीन अजून कुठेकुठे दिसतं. साध्या प्लगला ते चालतं, पण नंतर हवा मारून वाळूचा एकेक कण बाहेर काढावा लागतो. आत राहिलेला कण सिलिंडरच्या भिंतीवर रेघा ओढतो. मी त्या वाटेला जात नाही.

मग इरिडियम कुणी घ्यावा? पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल, कार्बोरेटर नीट जमलेला असेल आणि गाडी लांबच्या प्रवासाला नियमित निघत असेल, तर घ्या, मजा येईल. पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन तेल खातंय, ते खोलून दुरुस्त करायला अजून वर्ष आहे, अशा गाडीला तर अजिबात नको. चार महिन्यांत तेलकट करून टाकेल. प्लॅटिनमबद्दल विचाराल तर या गाड्यांसाठी तो ना इकडचा ना तिकडचा.

आता खरी निवड. साधा की इरिडियम याच्यापेक्षा महत्त्वाचा आहे प्लगचा गरम-थंडपणा, आणि तिथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. प्लगचं टोक साधारण ४५०-५०० अंशांच्या वर तापलं की काजळी आपोआप जळून जाते. ८०० अंशांच्या पलीकडे गेलं की ठिणगीची वाट न बघता मिश्रण आधीच पेट घेऊ लागतं आणि पिस्टनवर येतं. या दोन रेषांच्या मध्ये टोक ठेवायचं, हे प्लगचं काम. उष्णता हळू सोडणारा तो गरम प्लग, पटकन सोडणारा तो थंड. लक्ष्मी रोडवरच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीला थंड प्लग बसवला की आठवड्यात काळा पडतो आणि गाडी मिसिंग करायला, म्हणजे ठिणगी चुकवत धक्के द्यायला लागते.

प्लगवरच्या आकड्यांचा कंपनीगणिक घोळ असा: एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की प्लग गरम. त्यात बॉशच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे डब्ल्यू१७५ वगैरे लिहायचे तेव्हा, मोठा आकडा म्हणजे थंड प्लग होता. नव्या पद्धतीत उलटं. म्हणजे आजोबांच्या काळातल्या मायकोच्या (बॉशचंच इथलं जुनं नाव) डब्यावरचा आकडा आणि आजच्या डब्यावरचा आकडा एकाच तराजूत तोलायचा नाही. नमुन्यादाखल, एनजीके बीपी६ईएस, बॉश डब्ल्यू७डीसी आणि चॅम्पियन एन९वायसी हे तिघे जवळपास सारख्याच गरमीचे, पण आकडे सहा, सात आणि नऊ. दुकानदाराने "एक नंबर वरचा देतो" म्हटलं तर वरचा म्हणजे कुठला, ते आधी विचारा. हे तिन्ही लांब आट्यांचे आहेत. तुमच्या गाडीला हेच लागतात, असं मी म्हणत नाही.

लांब आटे कशाला म्हणायचं? १४ मिलिमीटर व्यासाच्या प्लगमध्ये आट्यांची लांबी मुख्यतः दोन मापांत येते, १२.७ आणि १९ मिलिमीटर. एनजीकेच्या नावात एच असेल तर आखूड, ई असेल तर लांब. जिथे आखूड हवा तिथे लांब बसवला तर तो पिस्टनला भेटायला जाऊ शकतो. उलटं केलं तर हेडमधले खालचे आटे उघडे राहतात, त्यांत काजळी भरते आणि पुढे योग्य प्लग नीट बसतच नाही. गाडीतून निघालेल्या जुन्या प्लगवर विसंबू नका, मागच्या मालकाने मिळेल तो बसवलेला असू शकतो. हेडमधल्या भोकाची खोली मोजा, हँडबुकशी ताडून बघा, मग दुकानात जा.

नावात आर असेल तर आत साधारण पाच हजार ओहमचा रेझिस्टर आहे, रेडिओतली खरखर कमी करायला. पॉइंटच्या गाडीत तांब्याच्या वायरी असतील तर चालतो. कॅपमध्ये रेझिस्टर, वायर कार्बनची आणि प्लगही आरवाला, अशी तिहेरी अडवणूक मात्र करू नका. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर आरवालाच घ्या.

गॅप. पॉइंटच्या गाड्यांना बहुतेक ०.६ ते ०.७ मिलिमीटर. जुन्या बीएमसी (ब्रिटिश कंपनीच्या) इंजिनाच्या अॅम्बेसेडरचं माप २५ थाऊ, म्हणजे इंचाचे २५ हजारांश, ०.६३ मिलिमीटर. आजकालचे बरेच प्लग १.१ मिलिमीटर गॅप ठेवून येतात, म्हणून डब्यातून काढून थेट बसवायचा नाही. वाकवायची ती फक्त बाजूची पट्टी. मधल्या टोकाला टेकू देऊन वाकवलं तर आतला चिनी मातीचा भाग तडकतो, बाहेरून काही दिसत नाही आणि मग मिसिंग शोधण्यात महिना जातो.

बसवताना पद्मिनी आणि अॅम्बेसेडर यांच्यात मोठा फरक आहे. जुन्या बीएमसी अॅम्बेसेडरचं हेड बिडाचं, चूक पोटात घालणारं. पद्मिनीचं अॅल्युमिनियमचं. मी पहिल्याच वर्षी गरम इंजिनावर लांब दांड्याचा पाना लावून तिसरा प्लग "जरा अजून" आवळला. पुढच्या वेळी काढला तेव्हा आटे स्प्रिंगसारखे प्लगबरोबर बाहेर आले. हेड उतरवून आत नवं बुश घालायला जे पैसे गेले, त्यात प्लगचे कितीतरी सेट आले असते. तेव्हापासून इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय हात लावत नाही. आधी प्लगच्या खळग्यातली धूळ फुंकून काढायची, मग पेट्रोलच्या जुन्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या वरच्या टोकाला चढवून त्यानेच फिरवत आत घालायचा. आटे तिरके लागले तर नळी घसरते, धातूवर जोर येत नाही. हाताने टेकला की पान्याने नव्या वॉशरला अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, जुन्या वॉशरला जेमतेम बारावा हिस्सा. टॉर्क पाना असेल तर २५ ते ३० न्यूटन मीटर.

बघायचं कसं, तेही तितकंच महत्त्वाचं. गल्लीत दहा मिनिटं गाडी चालू ठेवून काढलेला प्लग काळाच दिसणार. मोकळ्या रस्त्यावर चांगली पळवा, इंजिन बंद करून बाजूला घ्या, गार होऊ द्या, मग काढा आणि एक ते चार ओळीने मांडा, रेडिएटरकडचा पहिला. चारही सारखे काळे असतील तर चोक, कार्बोरेटर किंवा थंड प्लग. एकच वेगळा असेल तर दोष त्याच सिलिंडरचा, आणि तो ओला-तेलकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड. २००० सालापर्यंत शिशाचं पेट्रोल होतं तेव्हाचा तो छान विटकरी रंग आता शोधू नका. शिसंविरहित पेट्रोलवर प्लग फिकटच दिसतो. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉल, त्यामुळे कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर) मिश्रण आणखी पातळ होतं, म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त. टोक पांढरंफटक आणि फोड आल्यासारखं दिसलं तर थंड प्लग शोधत बसू नका. आधी ठिणगीचं टायमिंग तपासा, मग एक माप मोठा जेट लावून बघा.

डिकीत मी जुना, साफ केलेला सेट ठेवतो, पाना आणि नळीच्या तुकड्यासह. गेल्या पावसाळ्यात वरंध घाटात दुसऱ्या एका पद्मिनीवाल्याला त्यातला एक दिला. त्याच्या गाडीत इरिडियम होते, आणि चौथा तेलात बुडाला होता.