वसंतातील पक्षिनिरीक्षणासाठी ८×४२ दुर्बीण: एका हंगामाचा अनुभव

वसंताचा संपूर्ण हंगाम ही ८×४२ (म्हणजे आठपट मोठे दाखवणारी, पुढचे भिंग ४२ मिमी व्यासाचे असलेली) दुर्बीण मी रानात आणि समुद्रकिनाऱ्यावर वापरली. घेताना १०×४२ चा मोह झाला होता. तो आवरला हे योग्यच झाले.

दुर्बिणीचा खरा कस रानात लागतो. पालवी दाटल्यावर पर्णवटवट्यासारखा चिमुकला पक्षी एका फांदीवर क्षणभरही स्थिर राहत नाही. अशा वेळी तो किती मोठा दिसतो यापेक्षा तो नजरेच्या टप्प्यात लवकर येतो की नाही हे महत्त्वाचे असते, आणि आठपट दुर्बिणीचे दृश्यक्षेत्र सहसा दहापटीपेक्षा रुंद असल्यामुळे आवाजाच्या रोखाने ती डोळ्यांना लावताच पक्षी सापडतो. शिवाय ४२ मिमीच्या भिंगाला आठाने भागले की डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशझोत ५.२५ मिमी रुंद भरतो, तर दहापटीत तो ४.२ मिमीच उरतो. पहाटेच्या गर्द सावलीत, डोळ्याची बाहुली विस्फारलेली असताना, हा फरक स्पष्ट जाणवतो: भुवईची पिवळसर रेघ आणि पंखावरचा फिकट पट्टा वेगवेगळे ओळखू येतात. (पर्णवटवट्यांची खात्री पुष्कळदा आवाजावरूनच पटते, ही गोष्ट वेगळी.)

किनाऱ्यावर मात्र तिची मर्यादा उघड होते. विणीच्या प्रदेशाकडे निघण्यापूर्वी काही चिखल्या पक्ष्यांच्या छातीवर जो तांबूस रंग चढतो, तो पाहण्यासाठीच वसंतात किनाऱ्यावर जावे. पण पूर्ण ओहोटीला पक्षी फार दूर पांगतात आणि दुपारी तापलेल्या वाळूवरची हवा थरथरू लागली की कोणत्याही भिंगाचा इलाज चालत नाही. म्हणून मी भरती चढत असताना, सकाळी, जाऊ लागलो. पाणी पक्ष्यांना जवळ ढकलते आणि आठपट पुरेशी ठरते. त्यापलीकडच्या थव्यांसाठी तिकाटण्यावरचा स्पॉटिंग स्कोपच (एका डोळ्याने पाहायची, अधिक पटीची दुर्बीण) हवा. उडत्या सुरय पक्ष्यांचा मागोवा घेण्यासाठी मात्र हीच दुर्बीण उत्तम आहे.

ती जलरोधक असल्यामुळे खारे तुषार उडाल्यावर आधी गोड्या पाण्याने धुऊन मगच भिंगे पुसतो, कारण कोरड्या मिठाने आणि वाळूने भिंगावरच्या लेपाला ओरखडे पडतात.

तक्रार एकच, पण गंभीर आहे: उजव्या डोळ्याकडील डायॉप्टरचे (दोन डोळ्यांच्या नजरेतील फरक जुळवून घेण्याचे) कडे इतके सैल आहे की पिशवीतून काढताना ते फिरते आणि ऐन वेळी चित्र धूसर होते. योग्य जागी रंगाचा ठिपका देऊन मी निभावून नेत आहे. उत्पादकाने तेथे खटका बसवायला हवा होता.