काटोलचं कॉलेज, नागपूरचं कॉलेज आणि मधली अपडाऊन

बारावीचा निकाल लागला की माझ्या फोनवर काटोल-नरखेडकडचे नंबर दिसू लागतात. मी नागपुरात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि माहेर काटोल तालुक्यातल्या खेड्यातलं, त्यामुळे गावची माणसं हक्काने विचारतात. यंदा आमच्या आळीतल्या काकांनी विचारलं, "बाई, पोरीले नागपूरले टाकू का काटोललेच शिकवू?" पोरगी विज्ञान शाखेची, रसायनशास्त्र मनापासून आवडणारी. घरी चार एकर, त्यात निम्मा संत्र्याचा बगीचा. काकांना एका वाक्यात उत्तर हवं होतं आणि मला ते देता येईना. त्यांना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते. काटोलच्या जागी उमरेड, सावनेर किंवा रामटेक घातलं तरी हिशेब फारसा बदलत नाही.

या हिशेबात बहुतेक लोक दोनच रकाने आखतात: घराजवळचं कॉलेज आणि नागपूर. पण नागपूरच्या कॉलेजात प्रवेश घेतलेली आमच्याकडची कितीतरी मुलं नागपुरात राहत नाहीत. ती अपडाऊन करतात, म्हणजे रोज गावाहून जाणं-येणं. हा तिसरा रकाना वेगळा आखायलाच हवा, कारण त्याचा खर्च डोळ्यांना दिसत नाही. मी स्वतः तीन वर्षं अपडाऊन केलं. माझा धाकटा भाऊ घराजवळच्या कॉलेजात शिकला. दोन्हीचं बरंवाईट मी घरातूनच पाहिलेलं आहे.

आधी पदवीच्या कागदाविषयी. "नागपूरची डिग्री" आणि "काटोलची डिग्री" असं लोक बोलतात, पण तशा दोन पदव्या नाहीत. 1923 साली स्थापन झालेलं नागपूर विद्यापीठ 2005 पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाने ओळखलं जातं. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतली कॉलेजं त्याला संलग्न आहेत. काटोलचं नबीरा महाविद्यालय असो की सीताबर्डीच्या आसपासचं एखादं संलग्न कॉलेज, विद्यापीठाचा अभ्यासक्रम तोच आणि पदवीवर नाव विद्यापीठाचंच. फरक पडतो तो स्वायत्त कॉलेजांचा. ती आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात, त्यामुळे तिथे काय शिकवतात हे वेगळं पाहावं लागतं. चिमूर, वरोरा, नागभीडकडच्या वाचकांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे 2011 पासून गोंडवाना विद्यापीठाकडे आहेत. तिकडे एक वर्ष शिकून मग नागपूरला यायचं ठरवलं तर विद्यापीठच बदलतं, आणि कागदपत्रांचं काम वाढतं.

मग नागपूरला जाऊन मिळतं काय? हिस्लॉप कॉलेज 1883 चं, मॉरिस कॉलेज 1885 चं. मॉरिसचं आजचं नाव वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था आहे, पण रिक्षावाल्याला अजून मॉरिसच कळतं. या जुन्या संस्थांमधली ग्रंथालयं आणि तिथे चार जिल्ह्यांतून येणारी मुलं ही खरी मिळकत आहे. तालुक्याच्या वर्गात आपण पहिले येत असतो. इथे आल्यावर आपल्यापेक्षा जास्त वाचलेली दहा मुलं शेजारच्या बाकावर भेटतात. मला त्याची सुरुवातीला भीती वाटली, नंतर त्याच मुलांमुळे मी वाचायला लागले. हे घराजवळच्या कॉलेजात सहजासहजी मिळत नाही, हे मान्य करायलाच हवं.

मात्र शिकवणारं कोण, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच विचारावा लागतो. कॉलेज निवडताना इमारत, नॅकची श्रेणी आणि फी पाहिली जाते. तुमच्या मुख्य विषयाला कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासागणिक मानधनावर नेमलेले, किती, हे कोणी विचारत नाही. तासिका तत्त्वावर म्हणजे सीएचबीवर काम करणारे लोक मनापासून शिकवतात, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार त्या पद्धतीची आहे. नेमणूक दरवर्षी नव्याने होते, अनेकदा सत्र सुरू झाल्यानंतर होते, आणि तोवर वर्ग रिकामे जातात. जो माणूस पुढच्या वर्षी असेल की नाही हे त्यालाच माहीत नाही, त्याने तीन वर्षं एखाद्या विद्यार्थ्यामागे उभं कसं राहायचं?

माझ्या भावाचं नशीब इथे उघडलं. त्याचा मुख्य विषय भूगोल, आणि त्याच्या कॉलेजात भूगोलाचे सर कायम होते. वर्गात मोजकी मुलं. सरांना प्रत्येकाचं घर माहीत. नकाशावाचनाच्या तासाला ते मुलांना कॉलेजमागच्या नाल्यावर घेऊन जायचे आणि समोच्च रेषा तिथे उभं राहून समजवायचे. भाऊ दुपारी दोनला घरी, जेवण, थोडी झोप, चारला ओलिताला, आणि रात्री अभ्यास. पदवी घेतानाच त्याने स्पर्धा परीक्षेची तयारी केली आणि आज तो तलाठी आहे. तो नागपुरात शिकला असता तर याहून पुढे गेला असता, असं मला एकदाही वाटलेलं नाही.

माझं उलट झालं. त्या वेळी घराजवळ मला हवी तशी प्रयोगशाळा नव्हती, म्हणून बी.एस्सी.साठी नागपूर घेतलं आणि रूम परवडत नाही म्हणून गाडीने रोज जाणं-येणं. काटोल ते नागपूर साठेक किलोमीटर. गाडी वेळेवर असली तर काही वाटत नाही. इटारसीकडची लाइन लांब पल्ल्याच्या गाड्यांनी भरलेली, त्यांना वाट द्यायला आमची पॅसेंजर कळमेश्वरच्या आसपास थांबली की सकाळचं प्रात्यक्षिक गेलं. दुसऱ्या वर्षी माझी इतकी प्रात्यक्षिकं बुडाली की रसायनशास्त्राचा एक पेपर राहिला. कॉलेजने ऐकून घेतलं नाही. पुढच्या उन्हाळी परीक्षेत तो काढला, पण त्या वर्षाची धास्ती अजून आठवते.

अपडाऊनचा हिशेब करायचा तर तासांत करा. घरापासून स्टँड किंवा स्टेशन, वाट पाहणं, प्रवास, पुन्हा तसंच परत: रोजचे चार तास सहज जातात. वर्षाचे शिकवण्याचे दिवस 180 धरले तर 720 तास. नव्या शैक्षणिक धोरणात विषयाचं वजन क्रेडिटमध्ये मोजतात, आणि चार क्रेडिटच्या विषयाला वर्गात साधारण 60 तास असतात. म्हणजे एका वर्षात रस्त्यावर जातात ते तास अशा बारा विषयांच्या वर्गाइतके आहेत. संपूर्ण वर्षाचे क्रेडिटच 40 ते 44, म्हणजे असे दहा-अकरा विषय. जेवढं शिकायचं त्याहून जास्त वेळ बसमध्ये. गाडीत वाचता येतं म्हणणाऱ्यांनी सकाळच्या एसटीत उभं राहून सेंद्रिय रसायनशास्त्र वाचून पाहावं. आणि मेच्या सुरुवातीला, पारा 45 वर असताना, दुपारी दोनच्या बसने परत आलेलं पोर रात्री पुस्तक उघडत नाही.

एसटीचा विद्यार्थी पास एक तृतीयांश पैशात मिळतो. हीच गोष्ट पालकांना भुलवते. पास स्वस्त म्हणून अपडाऊन स्वस्त, असा निष्कर्ष निघतो. शिवाय गावच्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो. पदवीला गेल्यावर तो पैसे भरून काढावा लागतो, हे जुलैत कळतं.

आता नागपुरात राहण्याचा खर्च. खोल्यांचे भाव मोहल्ल्यागणिक बदलतात, म्हणून मी सरकारचाच एक आकडा धरते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना ती मदत करते, आणि नागपूरसारख्या मोठ्या शहरासाठी तिची रक्कम वर्षाला 60,000 रुपये आहे: भोजनाला 32,000, निवासाला 20,000, निर्वाहाला 8,000. साधेपणाने राहिलं तर किमान किती लागतं याचा हा अंदाज समजा. प्रत्यक्षात कूलरची वीज, सुरुवातीचं डिपॉझिट आणि आजारपण धरून थोडे वरच लागतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. या योजना घराबाहेर राहून शिकणाऱ्यांसाठी आहेत, घराजवळच्या कॉलेजात जाणाऱ्याला त्या लागू होत नाहीत. म्हणून शासकीय वसतिगृह आणि या योजनांचे अर्ज प्रवेशाच्या बरोबरीने भरा. मात्र पैसा खात्यात यायला वेळ लागतो. पहिले चार-सहा महिने स्वतःच्या खिशातून काढायची तयारी नसेल तर योजनेच्या भरवशावर खोली घेऊ नका.

शेतकऱ्याच्या घरी याला आणखी एक गाठ आहे. कॉलेजची फी, डिपॉझिट, गादी-भांडी हे सगळं जून-जुलैत येतं. तेव्हाच पेरणी, बियाणं, खत. संत्र्याच्या आंबिया बहाराचा पैसा हाती यायला दिवाळी उजाडते. खर्च परवडतो का, यासोबत तो कोणत्या महिन्यात परवडतो हेही कागदावर मांडायला हवं. काकांना हे लगेच समजलं. म्हणाले, "व्यापाऱ्याकडून बयाना उचलला का संत्रा मातीमोल जाते."

मुलींच्या फी माफीबद्दल बराच गोंधळ आहे. 2024-25 पासून शासनाने मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं, ते व्यावसायिक अभ्यासक्रमांचं. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, आणि मुलगी ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) किंवा ओबीसी प्रवर्गातली हवी. व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश यात बसत नाही. साधी बी.ए. किंवा बी.एस्सी. करणाऱ्या मुलीने हे गृहीत धरून चालू नये. ज्या मुलीला अभियांत्रिकी करायचं आहे आणि जिचं घर रामटेककडे आहे, तिला मात्र कविकुलगुरू इन्स्टिट्यूट गावातच आहे. तिथे घरी राहून शिकणं आणि फी माफी या दोन्ही गोष्टी जुळू शकतात. मी तिच्या जागी असते तर नागपूरकडे पाहण्याआधी तिथल्या शाखा पाहिल्या असत्या.

नव्या शैक्षणिक धोरणाने घराजवळच्या लहान कॉलेजांची एक अडचण उघडी पाडली आहे. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले विषय, कौशल्याचे विषय अशी मांडणी कागदावर सुंदर दिसते. पण ज्या कॉलेजात एकूण शिक्षकच मोजके, तिथे "निवड" म्हणजे जे शिकवायला माणूस आहे ते. रसायनशास्त्रासोबत दुय्यम विषय म्हणून काय मिळेल, हे प्रवेशाच्या खिडकीवर नाव घेऊन विचारा. एक वर्ष घराजवळ शिकून मग नागपूरला बदली घेण्याचा विचार असेल तरी हेच आडवं येतं. मिळवलेले क्रेडिट अकॅडमिक बँकेत, म्हणजे विद्यार्थ्याच्या ऑनलाइन क्रेडिट-खात्यात, जमा राहतात खरे, पण नव्या कॉलेजात तीच विषयांची जोडी आणि रिकामी जागा, दोन्ही असायला हवं.

प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचेही क्रेडिट आहेत. इथे लोक डोळे झाकून नागपूर म्हणतात. रसायनशास्त्रासाठी ते बरोबर आहे: पर्यावरण संशोधन करणारी नीरीसारखी संस्था, बुटीबोरी आणि हिंगण्याचे कारखाने इथेच आहेत. पण वनस्पतिशास्त्राच्या मुलासाठी काटोल काही कमी नाही. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र तिथे आहे आणि सगळा तालुका संत्र्याचा. ज्याच्या घरच्या संत्र्याच्या झाडावर डिंक्या (डिंक गळण्याचा रोग) आहे त्याने प्रकल्पाचा विषय शोधायला नागपूरला कशाला यायचं?

घराबद्दल थोडं. मुलगी घरी राहून शिकली की तिचे तास तिचे राहतील असं नाही. आई वेचणीला गेली की चूल तिच्याकडे, पाहुणे आले की अभ्यास बाजूला, आणि स्थळ सांगून आलं की पदवीच बाजूला. माझ्या वर्गमैत्रिणींपैकी दोघी दुसऱ्या वर्षात अशा थांबल्या. म्हणून "घराजवळ" निवडणाऱ्या प्रत्येक बापाला मी हे स्पष्ट विचारते की संध्याकाळचे तीन तास पोरीला कोणी हाक मारणार नाही, याची हमी आहे का. ती नसेल तर वसतिगृहाचा खर्च मला महाग वाटत नाही.

माझा कौल असा. कला किंवा वाणिज्य शाखा असेल, मुख्य विषयाला कायम शिक्षक असेल आणि घरात अभ्यासाला मोकळीक असेल तर घराजवळचं कॉलेज बेधडक घ्या. वाचलेल्या पैशांतून एम.ए.ला नागपूर किंवा पुणे करा, तेव्हा पोरगं शहराचा उपयोगही नीट करतं. विज्ञान असेल तर आधी प्रयोगशाळा पाहा. ती चालू असेल तर हाच कौल विज्ञानालाही लागू. ती फक्त कुलूप लावलेली खोली असेल तर नागपूर, पण नागपुरात राहून. तीन वर्षांची अपडाऊन मी कोणालाच सुचवत नाही. अगदीच इलाज नसेल तर पहिल्या सत्रापुरती, वसतिगृहाची यादी लागेपर्यंत.

काकांना सांगितलं, पोरीला सोबत घ्या आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊन बर्नर पेटतो का, नळाला पाणी आहे का, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या कधीच्या आहेत, एवढं पाहा. तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलीला विचारा, गेल्या सत्रात किती प्रात्यक्षिकं झाली. वहीच पाहायला मागा. काका म्हणाले, "सोमवारी काटोल पायतो, मंगळवारी नागपूर. बुधवारी तुले फोन करतो."

मंगळवारी संध्याकाळीच फोन आला, पोरीचा. काटोलच्या मुलीची वही तिने पाहिली होती, नागपूरच्याही एकीची. दोन्हीतल्या प्रात्यक्षिकांची यादी तिने उतरवून आणली होती आणि ती मला एकेक करून वाचून दाखवत होती.