एम.डेस. करावे की नोकरीतच पोर्टफोलिओ वाढवावा?

पुण्यात चार वर्षे ग्राफिक डिझायनर असलेल्या माझ्या मावसबहिणीला, नोकरी सोडून एम.डेस.साठी (डिझाइनमधल्या पदव्युत्तर पदवीसाठी) सीड ही प्रवेश परीक्षा द्यावी की आहे तिथेच पोर्टफोलिओ भक्कम करावा, हे ठरवता येत नाही.

खर्चात नोकरी उजवी आहे, कारण एम.डेस.च्या दोन वर्षांत शुल्काबरोबर बुडालेला पगारही मोजावा लागतो. कौशल्याचे तसे नाही. पवईला आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, १९६९ साली सुरू झालेल्या आणि सुलेखनकार र. कृ. जोशींनी अक्षररचना शिकवलेल्या डिझाइनच्या संस्थेत, एकाच वेलांटीवर दिवसचे दिवस घालवता येतात. नोकरीत तीच वेलांटी वरच्या ओळीतल्या उकाराला धडकत असली तरी फाइल संध्याकाळी छपाईला जाते, आणि हे मला फार खटकते.

पोर्टफोलिओसाठी नोकरीत खरे, छापून आलेले काम मिळते. मात्र गोपनीयतेच्या करारामुळे त्यातले बरेचसे दाखवता येत नाही, म्हणून फेटाळलेली कच्ची रेखाटने आणि त्यामागचा विचार मांडता येईल असे एखादे स्वतःचे काम हवेच.

शाखा बदलून इंटरॅक्शन डिझाइनकडे (ॲप, संकेतस्थळे लोक कशी वापरतील याच्या रचनेकडे) वळायचे असेल किंवा पुढे शिकवायचे असेल, तर एम.डेस. योग्य. घराचे हप्ते चालू असून याच शाखेत वरच्या पदावर जायचे असेल, तर नोकरी न सोडता वर्षाला दोन कामे कसून करावीत.