मोजल्याशिवाय न बोलणारं दुकान

साताऱ्यात मी गेली एकवीस वर्षं डीटीपी करते. लग्नपत्रिका, यात्रेची हँडबिलं, उत्तरकार्याची कार्डं, पतसंस्थांचे अहवाल. त्यातलं निम्मं काम अजूनही २००९ साली असेंबल करून घेतलेल्या डेस्कटॉपवर चालतं. ड्युअल कोअर ई५२०० प्रोसेसर, जी३१ चिपसेटचा बोर्ड, दोन जीबी रॅम, विंडोज एक्सपी. नवीन मशीन शेजारीच आहे, पण पेजमेकर ७ या पानं मांडायच्या प्रोग्राममधल्या माझ्या जुन्या फायली तिथे उघडल्या की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसतो. ते फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरांच्या आजच्या पद्धतीच्या, आधीचे आहेत आणि त्यांचं डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, या जुन्या मशीनलाच लागतं. गावाच्या यात्रा कमिटीला दरवर्षी मागच्याच पत्रिकेत तारखा आणि चार नावं बदलून हवी असतात. ती फाईल उघडली नाही तर सगळं पुन्हा टाइप करायचं.

जानेवारीच्या शेवटी मशीन बंद पडलं. बटण दाबलं की फॅन अर्धा फेरा घ्यायचा आणि थांबायचा. दोन सेकंदांनी पुन्हा तेच. स्क्रीन काळी. मी केबल बदलून पाहिली, भिंतीवरच्या दुसऱ्या बोर्डावर प्लग लावला, रॅम काढून खोडरबरने घासली. काही उपयोग झाला नाही. एका दुकानात नेलं. तिथल्या माणसाने झाकण उघडून दोन मिनिटं आत पाहिलं आणि म्हणाला, "मदरबोर्ड गेलाय. आता याचे पार्ट मिळत नाहीत. बावीस हजारांत नवीन बसवून देतो." हातात मीटर नव्हता, त्याने काही काढून पाहिलं नाही, की मला एक प्रश्न विचारला नाही. लग्नसराई तोंडावर होती. मी घरी येऊन रडायचीच बाकी होते.

मग प्रेसवाल्या काकांनी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या या दुकानाचा पत्ता दिला, ज्याच्याबद्दल मी हे लिहितेय. मोती चौकाजवळच्या एका बोळात, पहिल्या मजल्यावर. बाहेर पाटी नाही. आत एक टेबल, सोल्डरिंग आयर्न, भिंग लावलेला दिवा आणि एकच माणूस, तिशीतला. त्याने मशीनला हात लावायच्या आधी विचारलं, "ताई, पूर्ण बंद पडायच्या आधी काय काय होत होतं?"

तेव्हा मला आठवलं. महिनाभर सकाळी पहिल्यांदा सुरू करताना तीन-चार वेळा बटण दाबावं लागत होतं. एकदा सुरू झालं की दिवसभर ठणठणीत. दुपारी बंद करून लगेच लावलं तरी चालायचं. मी ते थंडीवर ढकललं होतं. तो म्हणाला, "बरोबर, थंडीचाच संबंध आहे. कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे छोटे भाग, म्हातारे झाले की गार असताना काम देत नाहीत, तापले की देतात. मला आधी सप्लाय बघू द्या."

पण सप्लायच्याही आधी त्याने हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवली. व्होल्टेज खालीवर होत असेल तर डिस्कला धोका नको, म्हणाला. मला विचारून, माझ्यासमोर, ती स्वतःच्या मशीनला अडॅप्टरने जोडली आणि अडतीस जीबीचं सगळं काम माझ्या बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून दिलं. एकही फाईल उघडली नाही. लोकांच्या पत्रिका, पतसंस्थेचे हिशोब, सगळं त्यात आहे. या एका गोष्टीसाठी मी त्याला पूर्ण मार्क देते.

नंतर त्याने जे केलं ते मला दाखवत, सांगत केलं. कॉम्प्युटर बंद असला तरी प्लग चालू असेपर्यंत एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा सप्लायचा डबा, मदरबोर्डाला जांभळ्या वायरीतून ५ व्होल्ट देत राहतो. बटण दाबल्यावर बोर्ड त्या ५ व्होल्टच्या जोरावर हिरवी वायर काळ्या वायरीला जोडतो आणि मग बाकीचा सप्लाय सुरू होतो. जांभळ्या वायरीवर ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये आकडा हवा. माझ्या मशीनचा मीटरवर ४.३८ आला. मग सप्लायचा प्लग मदरबोर्डातून काढून, एक भंगार डिस्क भार म्हणून लावून त्याने हिरवी-काळी तारेने जोडली. पिवळ्या वायरीवर १२ व्होल्ट हवेत, कमीत कमी ११.४. तिथे १०.६.

"एसएमपीएस नक्की गेलाय," तो म्हणाला. "पण तो एकटाच गेलाय का, ते अजून कळायचंय."

आणि खरंच, त्याने स्वतःचा चांगला सप्लाय लावल्यावर फॅन न थांबता फिरायला लागला, पण स्क्रीन काळीच. माझ्या पोटात पुन्हा गोळा आला. मला पहिल्या दुकानातले शब्द आठवले. तो मात्र शांतपणे ड्रॉवरमधून छोटा स्पीकर काढून बोर्डाच्या पिनांवर बसवत होता. मग त्याने दोन्ही रॅम काढून घेतल्या आणि मशीन सुरू केलं. लांब बीप. थांबून पुन्हा लांब बीप.

"ऐकलंत? रॅम नाही म्हणून बोर्ड ओरडतोय. मेलेला बोर्ड ओरडत नाही. प्रोसेसरही जिवंत आहे."

त्या आवाजाने मला किती बरं वाटलं ते लिहून सांगता येणार नाही. 'गेलाय' म्हणून सांगितलेली वस्तू समोर आवाज देत होती.

पुढे एकेक रॅम, एकेका खाचेत लावून पाहिली. एक रॅम दुसऱ्या खाचेत चालली, पहिलीत नाही. भिंगाखाली पाहिलं तर पहिल्या खाचेत खोडरबरचा चुरा अडकलेला. रॅम मी मशीनच्या तोंडावरच धरून घासली होती. घासायचीच असेल तर लांब, कागदावर धरून घासा आणि पुसून मगच लावा, हे इथे लिहिते कारण हा उपाय घरोघरी केला जातो. त्याने ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने खाच साफ केली. रॅमजवळचे दोन कपॅसिटर डोक्यावर फुगले होते, तेही बदलले. १००० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्टचे, १०५ डिग्रीवाले. जुने काढलेले छोट्या पिशवीत घालून माझ्या हातात दिले. तारीख-वेळ सांभाळणारी सीमॉसची बॅटरी ३ व्होल्टऐवजी २.१ दाखवत होती, तीही नवी घातली.

एसएमपीएस दुरुस्त होऊ शकला असता. त्याने दोन्ही पर्याय सांगितले आणि नवा घ्यायचा सल्ला दिला, कारण सोळा वर्षांच्या सप्लायमध्ये आज एक कपॅसिटर बदलला तर उद्या दुसरा जाणार. तो डबा घरी उघडू नका, हेही बजावून सांगितलं. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठा असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

बिल असं झालं: एसएमपीएस ९५०, कपॅसिटर आणि बॅटरी मिळून ८०, मजुरी ४५०. एकूण १,४८० रुपये.

आता तक्रारी. 'परवा या' म्हणून सांगितलं आणि पाच दिवस लावले. मधे फोन केला तर उचलत नाही. कामात असला की फोन उलटा ठेवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. घाईच्या गिऱ्हाइकाला हे परवडणारं नाही, मला स्वतःला दोन पत्रिकांचं काम दुसरीकडे द्यावं लागलं. पक्की पावती मागून घ्यावी लागली. आणि बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, तारीख लावताना महिना आधी असतो हे त्याच्याकडून सुटलं, त्यामुळे ६ फेब्रुवारीच्या ऐवजी २ जून लागून आलं. दोन दिवस माझ्या फायलींवर जूनच्या तारखा पडल्या. घरी आणल्यावर तारीख आधी तपासा. हे सगळं मी त्याला तोंडावरही सांगितलंय. त्याने ऐकून घेतलं आणि माफी मागितली.

मशीन आता सकाळी पहिल्या बटणाला सुरू होतं. एक्सपीला कंपनीचा आधार एप्रिल २०१४ मध्येच संपला, म्हणून त्याच्या सांगण्यावरून मी या मशीनची इंटरनेटची केबल कायमची काढून टाकली. कामाची फाईल पेन ड्राइव्हने नव्या मशीनवर नेते आणि तिथून पाठवते.

जाणार असाल तर फक्त सीपीयूचा डबा न्या, मॉनिटर आणि केबल त्याच्याकडे आहेत. डोंगल घरीच ठेवा. आणि कधीपासून, कुठल्या वेळी, कसं बिघडत गेलं ते कागदावर लिहून न्या, कारण पहिला प्रश्न तोच येतो.