हुड गरम लागलं, तेव्हाच परत फिरायला हवं होतं

एकूण ६,१०५ डॉलर. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण गेले दोन महिने मी तो सगळ्यांपासून लपवत आलोय. भावाने फोनवर विचारलं तेव्हाही मी "चार-पाचशेला बसला फटका" असं सांगितलं. पुढे त्या जुन्या स्नोमोबिलचे (बर्फावर चालणारी मशीन, इथे तिला स्लेडही म्हणतात) सुटे भाग विकून ९०० आले. म्हणजे ५,२०५ डॉलर गेले. पैशांपेक्षा जास्त मला या गोष्टीचा राग येतो, की लबाडी हाताला लागली होती आणि मी हात मागे घेतला.

आम्ही मिनेसोटात राहतो. इथे हिवाळा आला की निम्म्या गल्लीत स्नोमोबिल बाहेर निघतात. पोलारिस इथल्याच रोझोची आणि आर्क्टिक कॅट थीफ रिव्हर फॉल्सची, त्यामुळे लोक आपल्या मशीनबद्दल घरच्या माणसासारखं बोलतात. मुलगा अकरा वर्षांचा, तीन वर्षं मागे लागला होता. नवी मशीन पंधरा हजारांच्या पुढेही जाऊ शकते, ते शक्य नव्हतं. म्हणून जुनी घ्यायची ठरवली. मी काही डोळे मिटून उडी मारली नाही. ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्यांना इथे स्लेड चालवायला सेफ्टी सर्टिफिकेट लागतं, ते आधी घेतलं. महिनाभर वाचलं, कागदावर यादी केली. ती यादी त्या दिवशी माझ्या खिशात होती.

जानेवारीतला शनिवार. २००६ सालची, ६०० सीसीची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक, कार्बोरेटरवाली. मागणी ३,६००, शेवटी सौदा ३,४०० ला ठरला. विकणारा म्हणाला, "वडिलांची आहे, त्यांना आता बसवत नाही, फक्त २,३४० मैल झालेत." गॅरेजमध्ये शिरलो आणि सवयीने हुडवर, म्हणजे इंजिनावरच्या झाकणावर, हात ठेवला. गरम होतं. माझ्या यादीत पहिलीच ओळ होती: इंजिन थंड असताना बघायचं. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो लगेच म्हणाला, "तुम्ही एवढ्या लांबून येणार, थंडीत ताटकळायला नको म्हणून गरम करून ठेवली." मी त्याचे आभार मानले! हे वाक्य लिहितानाही कानशिलं तापतात.

पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या इंजिनाला थंडीत पेटायला जीव जातो. एकदा तापलं की तेच इंजिन सुरू करायची दोरी पहिल्यांदा ओढताच सुरू होतं. माझ्यासमोर तसंच झालं. मुलगा टाळ्या पिटायला लागला आणि माझी यादी खिशातच राहिली.

रनिंग बोर्ड, म्हणजे पाय ठेवायच्या पट्ट्या, त्यांचा रंग पार उडून आतलं अॅल्युमिनियम चमकत होतं. ट्रॅक, म्हणजे मशीन पुढे नेणारा रबरी पट्टा, ज्यांवरून सरकतो त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, ज्यांना हायफॅक्स म्हणतात, त्या झिजून जवळजवळ संपल्या होत्या. २,३४० मैलांत बोर्डांची अशी दशा होते का? बायको हळूच म्हणाली, "अहो, ही फार वापरलेली दिसते. दुसरी बघू या का?" मी तिला म्हणालो, वडील जाड बुटांनी चालवत असतील. विकणाऱ्याने काही सांगायच्या आधीच मी त्याची बाजू मांडली. रजिस्ट्रेशनच्या कार्डावर आडनाव वेगळं होतं. "सावत्र वडील." बरं, असतील.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासायचं का, असं मी विचारलं होतं, हे मला इथे नोंदवायचंय. तो म्हणाला, दाब मोजायचं गेज माझ्या मेकॅनिककडे आहे, हवं तर त्यालाच फोन लावा, ही मशीन त्याला तोंडपाठ आहे. मी फोन लावला. पलीकडच्याने दहा मिनिटं इतक्या बारकाईने सांगितलं की कुणीही विश्वास ठेवला असता. कॉम्प्रेशन टेस्टर तीस-चाळीस डॉलरला मिळतो. स्वतःचा न्या. दोन्ही प्लग काढा, त्यांच्या वायरींना इंजिनाच्या धातूशी नीट अर्थिंग द्या, थ्रॉटल (अॅक्सिलरेटर) पूर्ण दाबून धरा आणि दोरी ओढत राहा. दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर गाडीत बसून घरी जा. विकणारा "नको, काही बिघडेल" म्हणाला तरीही घरीच जा.

पैसे फोनवरून, थेट खात्यातून खात्यात पाठवले.

आठवडा झाला नाही तोच सकाळच्या थंडीत मशीन सुरू होईना. पन्नास वेळा दोरी ओढली, खांदा भरून आला. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, जुनी मशीन आहे, मेकॅनिकशी बोला. आणि मी त्याच मेकॅनिककडे गेलो. दुसरा कुणी मार्चपर्यंत घ्यायला तयार नव्हता, हिवाळ्यात सगळीकडे रांग असते. त्याने ऐकून मान हलवली: पिस्टन-रिंगा बदलाव्या लागतील, आणि उघडतोयच तर जरा ताकदही वाढवू. पावती माझ्यासमोर आहे. पिस्टन, रिंगा, गॅस्केट १,१५०. एक्झॉस्टचा परफॉर्मन्स पाइप ४२५. क्लच किट ३१०. मजुरी ४८०. एकूण २,३६५. मशीन दहा दिवसांनी मिळाली, आवाज दमदार होता, मी खूश. जुने भाग मी मागितले नाहीत. काढलेला प्रत्येक भाग खोक्यात घालून परत द्यायचा, हे काम देतानाच लिहून घ्या. मेकॅनिक "टाकून दिले" म्हणाला तर त्याने मुळात काढलेच नाहीत असं समजा.

फेब्रुवारीत उणे १२ फॅरनहाइटला मित्राबरोबर तलावावर गेलो. मुलगा माझ्या मागे बसला होता. किनाऱ्यापासून नऊ मैलांवर इंजिनाचा आवाज एकदम चढा झाला आणि पुढच्या क्षणी ते जाम झालं. ट्रॅक अडकला, मशीन आडवी घसरली. मुलाला काही झालं नाही. मित्राने त्याला आधी किनाऱ्यावर नेलं. मी त्या वाऱ्यात मशीनजवळ एक तास चाळीस मिनिटं उभा होतो. ओढून आणायला २०० डॉलर.

या वेळी लांबच्या, अनोळखी मेकॅनिककडे नेली. तपासायचे १४० घेतले, पण माणसाने मला समोर उभं करून एकेक भाग दाखवला. एका सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशन ११२, दुसऱ्यात ४५. पिस्टन कारखान्यातून आलेले मूळचेच होते, एकाचा माथा वितळलेला. सिलिंडरखालचं गॅस्केट कधी सुटलेलंच नव्हतं. क्लचचे स्प्रिंग त्यांच्या रंगावरून ओळखतात, तर आमच्या "नव्या" स्प्रिंगवरचा रंग त्याने नखाने खरवडला आणि खालून जुना रंग निघाला. जुन्याच स्प्रिंगवर स्प्रे मारून ३१० डॉलर! पाइप तेवढा खरोखर बसवला होता, तोही जुना, वेल्डिंगने सांधलेला. आणि त्या पाइपनेच इंजिन खाल्लं. पाइप बदलला की कार्बोरेटरचे मेन जेट, म्हणजे पेट्रोल किती जाईल ते ठरवणारी बारीक छिद्रं, तपासावे लागतात. त्यात कडाक्याची थंडी, म्हणजे हवा दाट. तेवढ्याच पेट्रोलात जास्त हवा शिरते, मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि पिस्टन तापून वितळतो. जेट मूळचेच होते. ज्याला हे कळत नाही त्याने मशीनला हात लावू नये, आणि ज्याला कळत असूनही तो लहान मुलाला त्यावर बसू देतो त्याला काय म्हणायचं?

मग डीलरकडे टनेलवरचा (ट्रॅकवरच्या धातूच्या आवरणावरचा) व्हीआयएन, म्हणजे मशीनचा ओळख क्रमांक, दिला. त्यांच्या सर्व्हिसच्या नोंदीत २०१५ सालीच ७,१८० मैल होते. या जुन्या मशीनमध्ये मैल डिजिटल गेजमध्येच साठतात. कमी मैलांचं दुसरं गेज आणून लावलं की झालं. मी हा फोन पैसे द्यायच्या आधी करायला हवा होता. पाच मिनिटांचं काम.

पोलिसांकडे गेलो. समोरच्याने दोन मिनिटं ऐकलं, कागद उघडलेही नाहीत, म्हणाला हा दिवाणी मामला आहे. मी म्हटलं, मैल बदललेत, गाड्यांच्या बाबतीत हा गुन्हा आहे ना? पुन्हा तेच, दिवाणी. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर कळलं की ओडोमीटरचा केंद्रीय कायदा रस्त्यावर चालायला बनवलेल्या वाहनांसाठी आहे, स्नोमोबिल त्यात बसत नाही. शिवाय मिनेसोटात स्नोमोबिलला टायटलच (मालकीचा सरकारी दाखला) नसतं, त्यामुळे मैलांची सरकारी नोंद कुठेच नाही. मी म्हटलं, मग मेकॅनिकविरुद्धची तक्रार तरी घ्या. तर त्यांनी अठ्ठेचाळीस दिवसांनी पत्र पाठवलं, तीन ओळींचं, त्यात माझं नावही चुकवलेलं. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, म्हणजे तुमची संमती होती. संमती! खोटं सांगून घेतलेली संमती असते का? मी हा प्रश्न चार वेगवेगळ्या माणसांना विचारला आणि चौघांनी मला तेच वाक्य वाचून दाखवलं. रजिस्ट्रेशनच्या कार्यालयाने आधीच्या मालकाचा पत्ता द्यायला नकार दिला. मला फसवणाऱ्याची खासगी माहिती सांभाळायला सगळे तत्पर आहेत. माझ्या मुलाचा जीव कुणाच्याच खात्यात मोडत नाही.

राहिलं छोट्या दाव्यांचं कोर्ट. तिथे २०,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो, पण नोटीस बजवायला पत्ता लागतो. मेकॅनिकचं गॅरेज भाड्याचं स्टोरेज निघालं, आता तिथे दुसऱ्याचीच बोट ठेवलेली आहे. विकणाऱ्याच्या घरी दार उघडलं ते भाडेकरूने. म्हणून सांगतो, विक्रीच्या कागदावर लायसन्सवरचं नाव आणि पत्ता स्वतः उतरवून घ्या, कार्डावरचं नाव जुळत नसेल तर मूळ मालकाला भेटल्याशिवाय एक डॉलर देऊ नका. आणि विकणाऱ्याने सुचवलेला मेकॅनिक कितीही गोड बोलला तरी नको.

वितळलेला पिस्टन, रंगवलेला स्प्रिंग आणि २,३६५ ची पावती एका डब्यात ठेवली आहे. पत्ता मिळाला की दावा लावणार.

गेल्या आठवड्यात तसंच गॅरेज, तोच निळा दरवाजा पुन्हा एका जाहिरातीत दिसला. दुसरी स्लेड, "वडिलांची, २,१०० मैल". मी तक्रार नोंदवली, जाहिरात अजून तशीच आहे. आपल्यापैकी कुणी निळ्या दरवाजाच्या गॅरेजात मशीन बघायला जाणार असेल, तर निघण्याआधी फोन करून सांगा की मी येईपर्यंत सुरू करायची नाही. आणि पोहोचल्यावर मशीनकडे बघायच्याही आधी हातमोजा काढून हुडवर हात ठेवा.